बिरसीचा पत्ता कुठे लिहायचा?

(प्रस्तावना)

गोंदिया जंक्शनचा रेल्वेतला कोड आहे 'जी'. नुसते एक अक्षर. त्याच गोंदियाच्या नावाने चालणारा, पण उभा बिरसीत असलेला विमानतळ प्रवाशाच्या तिकिटावर 'जीडीबी' म्हणून छापला जातो आणि वैमानिकाच्या कागदांत 'व्हीएजीडी' म्हणून. गाडीच्या नंबरप्लेटवर हाच जिल्हा 'एमएच 35' होतो. चार कोड, आणि चारही आपापल्या जागी बरोबर. आता समजा, या परिसराची प्रवासमाहिती देणारी एक छोटी वेबसाइट दोन मुलांनी वाटून घेतली. एकाने विमानांची फाइल लिहिली, दुसऱ्याने रेल्वेची. दोघांनाही एक व्हेरिएबल लागले आणि दोघांनीही त्याचे नाव 'कोड' ठेवले. मुख्य पानाने आधी विमानांची फाइल ओढून घेतली, मग रेल्वेची, आणि त्यानंतर मथळा छापला. झाले, हैदराबादचे विमान रेल्वेच्या 'जी'वरून सुटले! एरर आली नाही, सर्व्हरच्या लॉगमध्ये ओळ पडली नाही. पीएचपीच्या लेखी काही चुकलेच नव्हते.

अनेक फाइलींना लागणारी माहिती कुठे लिहायची, ती सगळ्यांपर्यंत कशी पोचवायची आणि कोणापर्यंत पोचू द्यायची नाही, एवढाच या पुस्तिकेचा विषय आहे. प्रोग्रामिंगच्या जाड पुस्तकांत त्याला जेमतेम पानभर जागा मिळते. 'कॉन्फिग फाइल वेगळी ठेवा' असे एक वाक्य, खाली चार ओळींचा कोड, की लगेच पुढचे प्रकरण. प्रत्यक्षात होस्टिंग बदलते, डेटाबेसचा पासवर्ड बदलतो, संस्थेचे नाव बदलते, तेव्हा रात्र जागावी लागते ती नेमकी त्या पानभर मजकुरासाठी.

वाचक कोण धरला आहे तेही सांगून टाकतो. झॅम्प टाकून, डेटाबेसमधली एक नोंद पानावर दाखवण्यापर्यंत जो पोचला आहे तो. बीसीएचा विद्यार्थी असेल, पॉलिटेक्निकचा असेल, किंवा राइस मिलची, शाळेची, पतसंस्थेची साइट करून देणारा गावातलाच कोणी असेल. भाषा पीएचपी घेतली आहे, कारण स्वस्त होस्टिंगवर आजही तीच सहज मिळते. रास्मुस लेर्डोर्फ यांनी 1995 मध्ये ती लोकांसमोर ठेवली तेव्हा ती स्वतःचे पान सांभाळण्याची हत्यारे एवढीच होती. तो घरगुती स्वभाव तिच्यात अजून आहे, आणि आपल्या विषयातली निम्मी गुंतागुंत त्या स्वभावातून येते. या प्रस्तावनेत आज्ञांची आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. पुढच्या प्रकरणांत ती जशी टाइप करायची तशीच आहेत.

उदाहरणासाठी बिरसीच का, हा प्रश्न साहजिक आहे. गोंदिया म्हटले की लोकांना धान आठवते, राइस मिल आठवतात. बिरसी आठवत नाही. पण या विषयाला इतके चपखल गाव मला दुसरे सापडले नाही. इथली धावपट्टी ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 च्या सुमारास बांधली. नंतर ती सार्वजनिक बांधकाम खात्याकडे होती. ऑगस्ट 1998 पासून डिसेंबर 2005 पर्यंत ती महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे होती, आणि त्यानंतर भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली. मधल्या काळात जिल्हाच बदलला: 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. पुढे वैमानिक घडवणारी प्रशिक्षण संस्था आली. 13 मार्च 2022 रोजी 'फ्लायबिग'ची इंदूर–गोंदिया–हैदराबाद प्रवासी सेवा सुरू झाली, काही महिन्यांत थांबली, आणि 1 डिसेंबर 2023 पासून 'इंडिगो'चे विमान हैदराबादला जाऊ लागले. चालवणारे बदलले, जिल्हा बदलला, कंपनी बदलली, वेळा बदलल्या. विमानतळ होता तिथेच आहे.

आता विमानतळाची साइट लिहायला बसा. 'चालवणारी संस्था' हे शब्द तळटिपेत येतात, संपर्काच्या पानावर येतात, तक्रारीच्या फॉर्मवर येतात, ईमेलच्या शेवटी येतात. प्रत्येक ठिकाणी हाताने लिहिलेत तर पुढच्या हस्तांतराच्या दिवशी 'फाइंड-रिप्लेस' करत बसावे लागेल, आणि एखादी जागा राहीलच. ती नेमकी ईमेलची असते, कारण ईमेल आपल्याला दिसत नाही, दुसऱ्याला जाते. माझी कसोटी साधी आहे: जी गोष्ट दुसऱ्याच्या निर्णयाने बदलू शकते आणि एकाहून जास्त फाइलींना लागते, ती एका जागी लिहायची. डेटाबेसचा पासवर्ड होस्टिंगवाल्याच्या हातात, विमानाची वेळ कंपनीच्या हातात, जिल्ह्याचे नाव शासनाच्या हातात. मथळ्याचा रंग मात्र आपल्याच हातात आहे आणि तो स्टाइलशीटमध्ये एकदाच लिहिलेला असतो. त्याला कॉन्फिगमध्ये आणून बसवणाऱ्यांची संख्या कमी नाही. अशा फाइलीत मग दोनशे नावे साठतात आणि त्यांतली कुठली खरोखर वापरात आहेत हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

एका जागी लिहिलेले इतरांपर्यंत पोचवायला पीएचपीने चार आज्ञा दिल्या आहेत: इन्क्लूड, रिक्वायर आणि दोघींच्या पुढे 'वन्स' लावलेली जोडी. फरक सांगायला सोपा आहे. फाइल सापडली नाही तर इन्क्लूड कुरकुरते आणि पुढे चालू लागते. रिक्वायर तिथेच काम थांबवते. कॉन्फिगसाठी रिक्वायर वन्स, यात दुमत होण्यासारखे काही नाही. पासवर्ड न मिळता पुढे चालणाऱ्या साइटपेक्षा बंद पडलेली साइट बरी.

खरी गंमत वाटेची आहे. 'कॉन्फिग.पीएचपी' एवढेच नाव दिले तर पीएचपी ती फाइल आधी ठरलेल्या वाटांवर आणि चालू फोल्डरमध्ये शोधते, आणि चालू फोल्डर कोणते हे काम कुठून सुरू झाले यावर ठरते. मुख्य पानावरून सगळे चालते. 'अॅडमिन' फोल्डर केले की अडते. मग कोणी दोन टिंबे आणि तिरपी रेघ लावून एक पायरी वर जायला सांगतो, तेवढ्यापुरते चालते, आणि ज्या दिवशी रात्री आपोआप चालणारे क्रॉनचे काम लावले जाते त्या दिवशी पुन्हा कोसळते, कारण क्रॉन आपल्या फोल्डरमध्ये उभा राहून काम करतच नाही. उपाय एका शब्दाचा आहे. पीएचपी 5.3 पासून 'डिर' हा स्थिरांक मिळतो, दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असलेला. 'ही ओळ ज्या फाइलीत आहे तिचे फोल्डर' असा त्याचा अर्थ. वाट तिथून मोजा, म्हणजे हाक कुठूनही आली तरी पत्ता तोच राहतो. पहिल्या प्रकरणातली मुद्दाम वाईट लिहिलेली साइट सोडली तर या पुस्तिकेत याशिवाय लिहिलेली एकही रिक्वायर सापडणार नाही.

क्रॉनचा विषय निघालाच आहे तर वेळेकडे वळतो, कारण विमानतळाच्या साइटवर सर्वात महाग पडणारी सेटिंग तीच आहे. झॅम्पच्या अनेक आवृत्त्यांत टाइमझोन 'युरोप/बर्लिन' असा आधीच भरलेला येतो. झॅम्प तयार करणारी मंडळी जर्मनीची. होस्टिंगच्या सर्व्हरवर काहीच भरलेले नसेल तर पीएचपी यूटीसी धरते. म्हणजे घरच्या कॉम्प्युटरवर बर्लिनची वेळ, लाइव्ह साइटवर ग्रिनिचची, आणि प्रवासी उभा बिरसीत. दुपारी तपासले तर चूक लक्षातही येत नाही, कारण पानावर फक्त तारीख छापलेली असते आणि तारीख बरोबर असते. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हरचा 'आज' आपला 'काल' असतो. पहाटेची गाडी धरून विमानतळाकडे निघालेला माणूस साडेचारला मोबाइलवर 'आजची विमाने' बघतो आणि त्याला कालची यादी दिसते. सकाळी सहाला तक्रार येते, आपण दहाला बघतो, सगळे ठीक असते. 'एशिया/कोलकाता' ही एक ओळ कॉन्फिगमध्ये लिहिली आणि वेब, क्रॉन, ईमेल या तिन्ही दारांनी ती फाइल आधी वाचली तर हा प्रश्न उरत नाही. एका दाराने वाचली नाही तर तो अर्धवट उरतो, आणि अर्धवट उरलेला शोधायला जास्त कठीण. कमांड लाइनवर चालणारी पीएचपी बहुधा वेगळी सेटिंग-फाइल वाचते, हे इथे ध्यानात ठेवावे.

वेळेच्या बाबतीत विमानवाल्यांनी हा घोळ मुळातच मिटवला आहे. त्यांच्या कागदांत सगळे यूटीसीत लिहितात. ही एकच गोष्ट त्यांच्याकडून शिकावी असे नाही, त्यांची अख्खी पद्धत बघण्यासारखी आहे. प्रत्येक देश एक वैमानिकी माहिती-पुस्तक प्रसिद्ध करतो, त्याला एआयपी म्हणतात. भारताचे भारतीय विमानतळ प्राधिकरण काढते. त्यात विमानतळाची नोंद ठरलेल्या क्रमाने असते: अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, धावपट्टीची दिशा, लांबी, रुंदी, दिवे, सेवेच्या वेळा, रेडिओच्या फ्रिक्वेन्सी. वैमानिक, नियंत्रण कक्ष, नकाशे छापणारे, विमान कंपन्यांची सॉफ्टवेअर, सगळे आकडे तिथूनच घेतात. धावपट्टीची लांबी कोणी आठवणीने लिहीत नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर ही एक जगभर चालणारी कॉन्फिग फाइल आहे, आणि तिच्यातल्या चुकीची किंमत पान न उघडण्याएवढी स्वस्त नसते.

त्यांनी आणखी एक गोष्ट ठरवली आहे, जिच्याकडे वेबवाले क्वचितच लक्ष देतात. महत्त्वाचा बदल वाटेल त्या दिवशी अमलात येत नाही. दर 28 दिवसांनी, गुरुवारी, अवघ्या जगासाठी एक तारीख ठरलेली असते; त्या चक्राला एआयआरएसी म्हणतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ही पद्धत 1964 मध्ये स्वीकारली. बदल आधीच छापून पाठवतात, सगळे तयारी करतात आणि त्या दिवशी सगळे एकदम नव्या आकड्यांवर जातात. एकाच्या हाती जुना नकाशा आणि दुसऱ्याच्या हाती नवा, अशी वेळ येऊ नये म्हणून हा खटाटोप. आता आपण काय करतो ते पाहा. एफटीपी उघडतो, बदललेल्या फाइली ओढून टाकतो, आणि त्या एकेक करत वर चढत असतात. कॉन्फिगमध्ये एका नावाचे दुसरे नाव केले आहे, ती फाइल पोचली. तिला वाचणाऱ्या फाइली अजून रांगेत. तेवढ्या मिनिटभरात आलेल्या प्रवाशाला कोरे पान मिळते. लहान साइटला तेवढे परवडते, हे मला मान्य आहे. पण निदान जुने नाव लगेच काढू नये. नवे घालावे, दोन्ही काही दिवस चालू द्यावीत, मग जुने काढावे. आठव्या प्रकरणात हे हाताने करून दाखवले आहे.

आणि तात्पुरत्या बदलांचे काय? धावपट्टीच्या कामासाठी विमानतळ दोन दिवस बंद असेल तर कोणी एआयपी खोडत नाही. नोटॅम (वैमानिकांसाठीची मुदतीची सूचना) निघतो. त्यावर सुरुवातीची वेळ असते, शेवटची वेळ असते, मुदत संपली की तो मेला. वेबवर 'आज साइट दुरुस्तीसाठी बंद' ही सूचना मूळ कॉन्फिगमध्ये लिहून नंतर काढायला विसरलेल्या कितीतरी सरकारी-निमसरकारी साइट मी पाहिल्या आहेत. तात्पुरते ते वेगळ्या फाइलीत असावे आणि त्याच्यासोबत मुदत असावी. हा नियम मी जसाच्या तसा विमानवाल्यांकडून उचलला आहे.

माहिती वाटून घेण्याची ही धडपड वेबपेक्षा बरीच जुनी आहे. 1958 च्या फोरट्रान-2 मध्ये 'कॉमन' नावाची सोय होती: वेगवेगळ्या लिहिलेल्या उपकार्यक्रमांना एकाच जागेतले आकडे वापरता यावेत म्हणून. तिथे नावे जुळत नसत, क्रम जुळत असे. एकाने आधी लांबी मग रुंदी लिहिली आणि दुसऱ्याने उलटे, तर धावपट्टी आडवी व्हायची, तीही बिनतक्रार. पीएचपीत नावे जुळतात, पण तीही अशीच बिनतक्रार एकमेकांवर चढतात. सुरुवातीचे 'जी' आणि 'जीडीबी'चे प्रकरण त्यातलेच. एकेकाळी तर ही भाषा त्याहून मोकळी होती. पत्त्याच्या ओळीत प्रश्नचिन्हापुढे कोणी काही लिहिले तर त्या नावाचे व्हेरिएबल आपोआप तयार होई, म्हणजे बाहेरचा माणूस बसल्याजागी आपली सेटिंग सुचवू शके. 2002 मध्ये 4.2 आवृत्तीत ही सोय मुळात बंद ठेवायला सुरुवात झाली आणि 2012 च्या 5.4 आवृत्तीत ती काढूनच टाकली.

यावर माझा तोडगा असा: कॉन्फिग फाइलीने सुटी व्हेरिएबल तयारच करू नयेत. तिने एकच अॅरे तयार करून 'रिटर्न' करावा, आणि जी फाइल तिला रिक्वायर करते तिने तो आपल्याला हव्या त्या नावात घ्यावा. (असे करताना ती एकाच जागी वाचावी, कारण 'वन्स'वाली आज्ञा दुसऱ्यांदा अॅरे देत नाही, नुसते 'ट्रू' देते.) अॅरेच्या आत 'विमानतळ' या कप्प्यात एक 'कोड', 'रेल्वे' या कप्प्यात दुसरा. नवशिक्यांना हे अॅरे प्रकरण लांबचे वाटते. ते 'डिफाइन'ने स्थिरांक करतात, आणि त्यात काही वाईट नाही. स्थिरांक फंक्शनच्या आतही दिसतो, व्हेरिएबल दिसत नाही. 'कॉन्फिगमध्ये तर लिहिलेय, मग फंक्शनमध्ये रिकामे का?' हा प्रश्न प्रत्येक तुकडीत कोणी ना कोणी विचारतोच. उत्तर म्हणून 'ग्लोबल' हा शब्द शिकवला जातो. तो चालतो, पण फंक्शन कशाकशावर अवलंबून आहे हे त्याच्या दारावर लिहिलेले राहत नाही. त्याला लागेल ते हातात द्यावे, हे बरे.

एक बारीक जागा इथेच दाखवतो, कारण मराठी साइट करणाऱ्याला ती हमखास भेटते. कॉन्फिग फाइलीच्या शेवटी पीएचपी बंद करणारे चिन्ह आहे आणि त्याच्यानंतर एक-दोन कोऱ्या ओळी राहिल्या आहेत. डोळ्याला काही दिसत नाही. पण ब्राउझरच्या दृष्टीने तो मजकूर आहे आणि तो बाहेर पडला. त्यानंतर सेशन सुरू करायला गेले की 'हेडर आधीच गेले आहेत' अशी सूचना येते आणि लॉगिन चालत नाही. मराठी मजकूर टिकावा म्हणून जुन्या नोटपॅडमध्ये फाइल यूटीएफ-8 मध्ये सेव्ह केली की तोच घोळ वरच्या टोकाला होतो: नोटपॅड सुरुवातीला बीओएम नावाची तीन बाइटची अदृश्य खूण टाकत असे. कॉन्फिग सगळ्या पानांत सर्वांत आधी येते, म्हणून तिच्यातली कोरी ओळ सगळ्या पानांना बाधते. बंद करणारे चिन्ह लिहूच नका. भाषेला ते फाइलीच्या शेवटी लागत नाही.

आता गुपितांकडे येतो. विमानतळाचा कोड जगाला कळला तर काही बिघडत नाही, डेटाबेसचा पासवर्ड कळला तर बिघडते. दोन्ही एकाच फाइलीत ठेवण्याची सवय सोडावी. पूर्वी कॉन्फिगला '.इंक' असे शेपूट लावायचे. सर्व्हरला ते पीएचपी म्हणून ओळखू येत नसे आणि कोणी पत्ता टाइप केला की तो पासवर्डसकट सगळी फाइल वाचून दाखवत असे. आज तीच चूक 'कॉन्फिग.पीएचपी.बॅक' नावाच्या जुन्या प्रतीतून होते. गुपितांची फाइल 'पब्लिक एचटीएमएल' फोल्डरच्या बाहेर, एक पायरी वर ठेवावी. वर्डप्रेसही आपली कॉन्फिग फाइल मुख्य फोल्डरमध्ये मिळाली नाही तर एक पायरी वर शोधते, ते याचसाठी. गिट वापरत असाल तर गुपितांची फाइल गिटला दाखवूच नका. तिच्या जागी पासवर्ड रिकामा सोडलेली नमुना फाइल ठेवा. 2016 मध्ये 'उबर'च्या खासगी रिपॉझिटरीत ठेवलेल्या चाव्या हल्लेखोरांच्या हाती लागल्या आणि 5 कोटी 70 लाख लोकांची माहिती गेली. खासगी रिपॉझिटरी होती, तरी गेली. ब्राउझरकडे जाणाऱ्या जावास्क्रिप्टबद्दल तर बोलायलाच नको: तिथे पाठवलेली कुठलीही गोष्ट प्रवाशाच्या मोबाइलवर पोचलेली असते. तिला कोड आणि टाइमझोन द्या, चावी देऊ नका. सर्व्हरवरून जेसनमध्ये निवडक चार नावे पाठवण्याची रीत शेवटच्या प्रकरणात आहे.

सेटिंग फाइलीत न ठेवता सर्व्हरच्या एन्व्हायर्न्मेंटमध्ये ठेवावी, असे सांगणारा एक संप्रदाय आहे. 'हेरोकू'च्या मंडळींनी 2011 च्या सुमारास 'ट्वेल्व्ह-फॅक्टर' या नावाने जे नियम मांडले त्यांतला तो एक. विचार चांगला आहे आणि मोठ्या कामात तोच योग्य. पण वर्षाला दोन-तीन हजारांत घेतलेल्या शेअर्ड होस्टिंगवर, सीपॅनेलच्या चौकटीत बसून, ते दर वेळी नीट जमत नाही. फोल्डरबाहेर ठेवलेली साधी पीएचपी फाइल वापरणाऱ्याने कमीपणा वाटून घेऊ नये.

उरलेला मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो कोडचा नाहीच. नावे बदलतात हे महाराष्ट्रात वेगळे सांगायला नको. औरंगाबाद आणि उस्मानाबाद या शहरांची नावे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव करायला केंद्राने फेब्रुवारी 2023 मध्ये मान्यता दिली. जिल्ह्यांच्या नावांची अधिसूचना त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निघाली. ज्यांनी शहर आणि जिल्हा यांना एकच 'नाव' हे व्हेरिएबल ठेवले होते त्यांचे मधले सात महिने काय झाले असेल ते सांगायला नको. उलट मुंबईचे नाव 1995 मध्ये बदलले तरी विमानतळाचा कोड 'बीओएम'च राहिला. म्हणून कार्यक्रमाने ओळखावे कोडने आणि माणसाला दाखवावे नाव, आणि दोन्ही वेगवेगळ्या खणांत असावीत.

पण त्याही पुढे एक खड्डा आहे. 1998 मध्ये बिरसीत जन्मलेल्या मुलाचा जन्म भंडारा जिल्ह्यात झाला. आज कॉन्फिगमध्ये 'जिल्हा: गोंदिया' असे आहे म्हणून त्याच्या जुन्या नोंदीची प्रत छापताना वर गोंदिया आले, तर ती प्रत खोटी ठरते, कारण त्या वर्षी तो जिल्हाच नव्हता. राइस मिलच्या बिलांचेही तेच. 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या तांदळावर 18 जुलै 2022 पासून 5 टक्के जीएसटी लागू झाला. त्याआधी तो नोंदणीकृत ब्रँडच्या मालापुरता होता. कराचा दर कॉन्फिगमध्ये एकच आकडा म्हणून लिहिला आणि जुने बिल पुन्हा छापले, तर जुन्या व्यवहारावर नवा कर चढतो. हिशेबनीस चिडतो आणि त्याचे बरोबर असते. ज्या गोष्टीला तारीख आहे ती कॉन्फिगची नाही, डेटाबेसची आहे, 'पासून' आणि 'पर्यंत' या दोन रकान्यांसकट. कॉन्फिगने आत्ताचे तेवढे सांगावे. हे विसरून सगळेच 'एका जागी' आणण्याचा उत्साह मी जास्त धोकादायक मानतो. कॉपी-पेस्टने झालेली चूक निदान एका पानापुरती असते.

या पुस्तिकेत प्रकरणे लहान आहेत आणि प्रत्येकात बिरसीच्या साइटमध्ये एकच बदल होतो. पहिल्या प्रकरणातली साइट मुद्दाम वाईट लिहिली आहे: पासवर्ड प्रत्येक फाइलीत, नावे एकमेकांवर चढलेली, वाटा तुटक्या. ती आधी तशीच चालवून पाहा, बिघडवा, मग पुढे जा. नमुना फाइलीतला पासवर्ड रिकामा आहे, तिथे स्वतःचा घाला, आणि ती फाइल कोणाला पाठवू नका. विमानांच्या ज्या वेळा उदाहरणांत दिल्या आहेत त्या शिकवण्यापुरत्या आहेत; बिरसीहून खरोखर निघायचे असेल तर वेळ विमान कंपनीला विचारा.